पोचेला पोच

मला हरवायची सवय नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात त्या दिवसाची हकिगत ‘बाबा हरवला’ इथपासूनच सुरू करायची पद्धत पडली आहे. मी हरवलो नव्हतो. मी कुठे आहे हे मला पूर्ण वेळ ठाऊक होतं. बाकीचे कुठे आहेत तेवढंच ठाऊक नव्हतं. त्याला हरवणं म्हणायचं असेल, तर आमच्या कार्यालयातले निम्मे अधिकारी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर हरवलेलेच असतात.

कार्यालयात मी आवक-जावक विभाग सांभाळतो. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नोंद करायची आणि देणाऱ्याच्या हातात पोच ठेवायची. लोकांना हे काम किरकोळ वाटतं. वाटू दे. पण पोच नसेल तर दिलेला कागद दिलेलाच नसतो, एवढं शहाणपण मला या खुर्चीने दिलं आहे. घरात मात्र या शहाणपणाला कोणी भीक घालत नाही. मुलीला मोबाइलवर निरोप पाठवावा, ‘जेवलीस का?’ तर उत्तर म्हणून एक अंगठा येतो. ‘कधी येणार?’ अंगठा. ‘छत्री नेलीस, की विसरलीस?’ तरीही अंगठाच. आता यावरून छत्री कुठे आहे असं समजायचं?

तर ही अंगठेवाली मुलगी पुढच्या आठवड्यात शिकायला परगावी, वसतिगृहात जाणार होती. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जाऊ, ही टूम तिनेच काढली. आणि एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, मोठ्या पाळण्यात तू माझ्याबरोबर बसायचंस हं. आपण दोघंच. आई वर गेल्यावर किंचाळते.”

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता “बघू” म्हणालो. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता, की डोकं वर काढलं असतं तर पंचाईत झाली असती. बऱ्याच वर्षांत आमच्यात झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं. पाळणा वर गेल्यावर तिला काय काय सांगायचं, हे मी तेव्हापासूनच मनात जुळवायला घेतलं. परगावी कसं राहावं, कुणावर किती विश्वास ठेवावा, आणि शेवटी, जमलंच तर, तिच्याशिवाय घर कसं लागेल तेही.

पण ही बातमी जिन्यात फुटली. आमच्या इमारतीत जिना हा एक सल्लागार विभागच आहे.

समोरच्या दारातले वकील चपला घालता घालता थांबले. “पार्कला जाताय? गेल्या खेपेला आमच्या मेहुणीबाई तिथे हरवल्या. दुसऱ्याच कुटुंबाबरोबर जेवून, फोटो काढून परत आल्या. सगळ्यांच्या कपड्यांचे रंग पाठ करा. वर्णन देता आलं नाही, तर माणूस आपलाच आहे हे शाबीत करणं कठीण जातं.”

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंचं मत शिट्टीला पडलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असावी. “फक्त तुमच्या आईंना देऊ नका, कवळी निसटेल.” ती कवळी त्यांनीच बसवलेली असल्यामुळे आई दोन्ही अंगांनी दुखावली. तळमजल्यावर संगणक दुरुस्त करणारा तरुण राहतो. त्याने शिट्टीला नाक मुरडलं आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बोटं फिरवून अशी सोय करून दिली, की माझ्या मोबाइलमधल्या नकाशावर प्रत्येक जण एक ठिपका होऊन दिसू लागला. मुलगी निळा, बायको लाल, आई हिरवा आणि मेहुणा जांभळा. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. तो विमा विकतो आणि जिथे काही खायला मिळणार असतं तिथे न बोलावता येतो.

ठिपके मला आवडले. पण ठिपका म्हणजे पोच नव्हे. म्हणून मी घरातल्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप काढला, त्याला ‘संपर्क’ असं नाव दिलं आणि स्वतःची संपर्कप्रमुखपदी नेमणूक केली. नियम अगदी सोपे ठेवले. माझा निरोप आला की लगेच ‘पोच’ असा शब्द लिहून पाठवायचा. अंगठा चालणार नाही. बायको सगळ्याला ‘बरं’ लिहिते, ते तर मुळीच चालणार नाही, कारण तिच्या ‘बरं’मध्ये संमती किती आणि धमकी किती हे मला लग्नापासून उलगडलेलं नाही.

घरीच एक रंगीत तालीम घेतली. मी गॅलरीत जाऊन निरोप पाठवला, ‘सर्वांनी हॉलमध्ये जमावे.’ आई हॉलमध्येच बसली होती, तिने पोच दिली. आईची पोच बघून मेहुण्याने पोच दिली. त्याची पोच आली म्हणून आईने पुन्हा पोच दिली. त्यावर पुन्हा त्याने. समोरासमोर बसून दोघं एकमेकांना पोच देत होते आणि मोबाइल टिंग टिंग वाजत होते.

“अगं आई, पोचेला पोच द्यायची नसते!” मी गॅलरीतून ओरडलो.

“अरे, समोरच्याने काही म्हटलं तर आपणही काही बोलायला नको का? शिष्ट म्हणतील.”

मी आत येऊन समजावलं, की हा आवक-जावकचा पायाभूत नियम आहे. पोचेला पोच दिली, तर त्या पोचेची पुन्हा पोच द्यावी लागते आणि काम कधी संपतच नाही.

“नाही संपलं तर काय होतं?” मुलीने विचारलं.

“मग कार्यालय बंद कधी करायचं?” मी म्हणालो. या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, असं तेव्हा मला वाटलं.

ठरल्या दिवशी आम्ही पार्कच्या फाटकाशी हजर झालो. माझ्या खांद्याला भडक नारिंगी रंगाची, पाणी आत न शिरणारी पिशवी होती आणि डोक्यात सगळ्यांच्या कपड्यांचे रंग. मुलगी निळ्या कुडत्यात होती. मी रांगेतच पहिला निरोप पाठवला, ‘आपण रांगेत आहोत. पोच द्या.’ माझ्या पुढे उभ्या असलेल्या बायकोने मागे वळून माझ्याकडे अशी नजर टाकली, की पोच मिळाली असं मी धरून चाललो.

आत शिरताच मुलगी म्हणाली, “बाबा, आधी पाळणा. मग तिथे गर्दी होते.”

पाळणा समोर दिसतच होता. चांगला उंच, सावकाश फिरणारा, दोघांपुरत्या बंद डब्यांचा. पण संपर्कप्रमुखाला आल्या आल्या पाळण्यात चढून चालत नाही. आधी जागेची पाहणी केली, मग ताटातूट झाल्यास जमायचं ठिकाण ठरवलं. मेहुण्याला ते ठिकाण आइस्क्रीमच्या गाडीजवळ हवं होतं. त्यावर चर्चा झाली. मग ऊन चढलं. मग आईचे पाय दुखायला लागले. मुलीने मध्येच पुन्हा एकदा “पाळणा?” म्हणून विचारलं, तेव्हा मी एका निरोपाची राहिलेली पोच मिळवण्यात गुंतलो होतो. “आत्ता जाऊ गं,” मी म्हणालो. त्यानंतर तिने बराच वेळ विचारलं नाही.

पुढे पाण्यातली होडी लागली. उंचावरून धाडकन खाली पाण्यात येणारी. आईसुद्धा जायला तयार झाली, कारण दंतवैद्यबाईंना जाऊन सांगायचं होतं. मोबाइल भिजू नयेत म्हणून मी चौघांचेही मोबाइल गोळा करून नारिंगी पिशवीत ठेवले. सगळ्यांचे मोबाइल ताब्यात आल्यावर मला पहिल्यांदाच संपर्कव्यवस्था पूर्ण झाल्यासारखी वाटली.

“तू पण चल ना,” मुलगी म्हणाली. “मग तिथून तसेच पाळण्यात जाऊ.”

“आणि मोबाइल कोण सांभाळणार?”

तिने माझ्याकडे बघितलं आणि अंगठा दाखवला. खराखुरा, हाताचा. आणि रांगेत निघून गेली. तो अंगठा मला का लागला, यावर विचार करायला माझ्याजवळ वेळ नव्हता, कारण निरोप पाठवायचा राहिला होता. मी खिशातून माझा मोबाइल काढून लिहिलं, ‘होडीतून उतरल्यावर इथेच थांबणे. कोणीही हलू नये.’ लगेच माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टिंग टिंग असा चार वेळा आवाज झाला. निरोप चौघांनाही मिळाल्याची खात्री पटून मी समाधानाने खिशात मोबाइल ठेवला.

आता तुम्ही हसाल. हसा. पण वर ऊन मी म्हणत होतं, आणि डोक्यात कपड्यांचे रंग होते.

होडीची रांग लांब होती. शेजारीच छोट्या आगगाडीचं स्टेशन होतं. ही गाडी पार्कला फेरी मारून परत तिथेच येते आणि डब्याला छप्पर असतं. सावलीत बसून एक फेरी मारू, तोवर मंडळी येतील, असा हिशेब करून मी गाडीत बसलो आणि पिशवी शेजारी ठेवली. गाडी पलीकडच्या स्टेशनावर थांबली आणि मला फलाटावर बायकोची फुलाफुलांची टोपी दिसली. ही इथे कशी? मी चटकन उतरलो आणि टोपीच्या मागे जाऊन म्हणालो, “तुला तिथून हलू नको म्हटलं होतं ना?”

टोपीखाली दुसरीच बाई होती. तिच्या नवऱ्याने मला, मी कोण, असं विचारलं. मी संपर्कप्रमुख असल्याचं सांगितलं. तेवढ्याने त्या दोघांचं समाधान झालं नाही. त्यांची समजूत घालून वळलो, तोवर गाडी निघून गेली होती.

मी मोबाइल काढून नकाशा बघितला आणि माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. निळा, लाल, हिरवा, जांभळा असे चारही ठिपके एकमेकांना चिकटून आगगाडीच्या रुळांवरून चालले होते. म्हणजे मी उतरतोय हे बघून सगळे जण चढले की काय? मला सोडून? तो निळा ठिपका सगळ्यांच्या पुढे दिसत होता. तीही त्यांच्यात सामील होती तर.

आता पिशवी कुठे राहिली, हे वाचणाऱ्याला केव्हाच कळलं असेल. मलाही कळलं असतं, पण मी दुखावलो होतो. दुखावलेला माणूस आधी दुसऱ्यांचा अपराध मोजतो, स्वतःचं सामान नंतर. रुळाच्या कडेच्या कुंपणाने मी ठिपक्यांच्या मागे निघालो. चालता चालता लिहिलं, ‘तुम्ही मला सोडून गाडीत बसल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.’ पोच आली नाही. ‘खुलासा न आल्यास काही म्हणणे नाही असे समजले जाईल.’ तरी नाही. मी पळायला लागलो. ठिपके मजेत पुढे चालले होते. ‘मला हे अपेक्षित नव्हते’ असं लिहीत असताना, ‘नव्हते’च्या आधीच मोबाइल बंद पडला. नकाशाने त्याची सगळी बॅटरी खाल्ली होती.

नाइलाजाने मी ‘हरवले-सापडले’ अशी पाटी असलेल्या खिडकीशी गेलो. आत एक मुलगी ध्वनिक्षेपकापुढे बसली होती.

“कोण हरवलंय, काका?”

“माझं कुटुंब. चौघं.”

“सगळे एकत्र आहेत?”

“एकत्रच. छोट्या गाडीतून फिरताहेत.”

“मग ते कुठे हरवलेत? तुम्ही हरवलात.”

“मी इथे तुमच्यासमोर उभा आहे!”

“ते दिसतंय. पण हरवलेल्या माणसासाठी त्याच्या घरच्यांनी यायचं असतं. हरवलेल्याला स्वतःला सांगता येत नाही.”

“म्हणजे मी हरवलो असं मी म्हणू शकत नाही?”

“नाही. ते आले, त्यांनी तुम्हाला शोधायला सांगितलं, की मी तुम्हाला पुकारते. तोवर तुम्ही इथेच बसायचं.”

“पण मी इथेच बसलेलो असताना तुम्ही पुकारणार कशाला?”

“नियम आहे, काका.”

मी या धंद्यातला माणूस. नियम कसा बिनतोड आहे हे मला दिसत होतं. आमच्या विभागात असा एखादा असता तर मी त्याला चौकट करून भिंतीवर लावला असता. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होतो, आणि तिकडून तो तितकासा सुंदर दिसत नव्हता.

बऱ्याच विनवण्यांनंतर तिला माझी दया आली. “निदान वर्णन सांगा.”

मी कपड्यांचे रंग धडाधड सांगायला लागलो. माझ्या मागून गाडी शिट्टी देत गेली. सहज वळून बघितलं, तर पिवळ्याजर्द रेनकोटातली कोणी मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती. कुणाची तरी लेक आपल्या बापाला हात करतेय, असं मनात आलं. मला ते बघवेना. मी तोंड फिरवून म्हणालो, “मुलगी निळ्या कुडत्यात आहे.”

“बरं. मोबाइल नंबर द्या कुणाचा तरी. लावून बघते.”

मुलीचा नंबर मला पाठ होता. वसतिगृहाच्या प्रत्येक कागदावर तो मीच लिहिला होता.

“मोबाइल आहे ना तिच्याजवळ?” नंबर लावायच्या आधी तिने विचारलं.

“अर्थात! सगळ्यांचे मोबाइल...” असं म्हणत मी ज्या खांद्यावर हात ठेवला, त्या खांद्यावर काहीच नव्हतं.

माझं मघाचं सगळं पळणं, सगळे खुलासे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले. मी माझ्याच पिशवीवर रुसलो होतो. मुलगी, बायको, आई तिकडे होडीपाशी उन्हात उभी असणार होती, आणि मी चार मोबाइलच्या मागे धावत होतो.

“वस्तू हरवली असेल तर खिडकी वेगळी आहे,” खिडकीतली मुलगी म्हणाली. पण मी तोवर स्टेशनाकडे निघालो होतो.

स्टेशनाच्या बाकावर बसलो आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. वारा सुटल्यामुळे मोठा पाळणा आजच्या दिवसापुरता बंद करण्यात येत आहे. वर बघितलं, तर पाळणा थांबला होता. डबे रिकामे होते. मला अतिशय वाईट वाटलं. पिशवी सापडली असती, नसती. पण तिने एकच गोष्ट मागितली होती आणि दिवसभर ती माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती.

गाडी आली. मधल्या डब्यात पिवळ्या रेनकोटातली ती मुलगी बसली होती. मांडीवर नारिंगी पिशवी होती. केस ओले होते, आणि रेनकोटाच्या गळ्याशी निळा कुडता दिसत होता.

“बस,” ती म्हणाली.

मी बसलो. गाडी सुटली.

“होडीत सगळ्यांना हे रेनकोट दिले,” ती म्हणाली. “बाहेर आलो तर तू नाहीस. आणि समोरून ही पिशवी एकटीच चाललेली. मी धावत जाऊन चढले. पिशवीत तुझे खुलासे वाचले आणि फोन केला तर बंद.”

“मग उतरायचं की नाही? आईकडे जायचंस.”

“गाडी तिथे थांबली तेव्हा सांगितलं मी त्यांना. आई आणि आजी सावलीत बसल्यात. मामा खातोय. तो म्हणाला, भावोजी ऑफिसला गेले असतील.” ती हसली. “मी उतरून कुठे शोधणार होते तुला? तू काही एका जागी थांबणारा नाहीस. गाडी सगळीकडून जाते. म्हटलं, बसून राहू, कुठेतरी दिसेलच. पहिल्यांदा दिसलास तेव्हा कुंपणाजवळून पळत होतास, मोबाइलमध्ये बघत. मी हाका मारल्या. मग दिसलास तेव्हा त्या खिडकीशी भांडत होतास. मी एवढे हात केले, तू बघितलंस आणि तोंड फिरवलंस!”

“मला वाटलं दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आहे.”

“कमाल आहे तुझी.”

“पाळणा बंद झाला,” मी म्हणालो.

“ऐकलं मी.”

“माझ्यामुळे राहिला. मला खरंच बसायचं होतं गं तुझ्याबरोबर. मी काय काय ठरवून ठेवलं होतं बोलायचं.”

“मग इथे बोल. इथेही आपण दोघंच आहोत.”

मी आठवून बघितलं. परगावी कसं राहावं, विश्वास कुणावर ठेवावा, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी तोंडातून निघालं, “छत्री घेऊन जा.”

“हो,” ती म्हणाली. अंगठा नाही, चांगलं तोंडाने म्हणाली. मग तिने पिशवी मांडीवरून काढून पायाशी ठेवली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं. रेनकोटातलं पाणी माझ्या सदऱ्यात झिरपत होतं. मोबाइल भिजला असता, पण तो तसाही बंद होता. आम्ही आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. उतरलो तेव्हा बायको मला बरंच बोलली. शेवटी मी “पोच” म्हणालो, तेव्हा आणखी बोलली.

पुढच्या आठवड्यात मुलीला वसतिगृहात सोडून आम्ही परत आलो. संध्याकाळी घरात शिरलो तर छत्री दाराच्या मागे खुंटीलाच होती. मी ती खुंटीवरून काढली, पुन्हा अडकवली. मग गॅलरीत जाऊन मोबाइलवर छत्री विसरल्याबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या पुसल्या, आणि लिहिलं, ‘घर फार मोकळं लागतंय. तुझी आठवण येते.’ असा मजकूर मी जन्मात कुठे जावक केला नव्हता. पाठवला, आणि अंगठ्याची वाट बघत बसलो.

टिंग वाजलं. अंगठा नव्हता. एकच शब्द होता, ‘पोच.’

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. पोचेला पोच द्यायची नसते, हा नियम मीच केलेला. मी इकडे तिकडे बघितलं. आई आत होती, बायको दिवे लावत होती. मी लिहिलं, ‘पोच.’

लगेच टिंग वाजलं. ‘पोच.’

मी पुन्हा दिली, तिने पुन्हा दिली. आतून बायको ओरडली, “अहो, कुणाचे एवढे निरोप येताहेत? काय चाललंय तिथे?”

“कार्यालयाचं काम,” मी म्हणालो. ते अजून संपलेलं नाही, आणि कार्यालय बंद करायची आम्हा दोघांनाही घाई नाही.